पिशव्यांकडे कोण बघणार?

स्कॉटलंडमधल्या एव्हिमोरच्या त्या कॉटेजचा पोर्च अजून तसाच आहे. दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं, एवढासा. खाली तीच काळी फरशी, भिंतीला कोट अडकवायच्या तीन खुंट्या आणि त्यातली मधली अजूनही वाकडी. रंग तेवढा बदललाय. पूर्वी गडद हिरवा होता, आता हल्ली सगळीकडे असतो तो करडा दिलाय. मी दार ढकललं, आत पाऊल टाकणार तेवढ्यात मागून आई म्हणाली, "बूट इथेच काढ गं. आत ओलं नको."

मी त्रेचाळीस वर्षांची आहे. नऊ तास गाडी चालवून आले होते. तरी मुकाट्याने वाकले आणि बूट काढले. आईने तिचे काढले, माझेही उचलले आणि सगळे भिंतीला लावून ओळीत ठेवले. मी त्या ओळीकडे बघत राहिले. आपण इथे का आलोय ते मला पक्कं माहीत होतं, तिला नव्हतं.

आई-बाबा मार्चमध्ये पुण्याला परत चाललेत, कायमचे. इंग्लंडमधलं, मिल्टन कीन्सचं घर विकलं गेलंय. लाउंजमध्ये खोक्यांचे मनोरे उभे आहेत आणि प्रत्येक खोक्यावर बाबांच्या डॉक्टरी अक्षरात काहीतरी लिहिलंय, जे फक्त बाबांना वाचता येतं आणि तेही रोज नाही. "जायच्या आधी एकदा एव्हिमोरला जाऊन येऊ या का?" असं मीच विचारलं. बाबांचे दोन्ही गुडघे संपावर आहेत. ते म्हणाले, "तुम्ही दोघी जाऊन या. मी आता बर्फ फक्त फ्रीजरमध्ये बघणार." आई मात्र लगेच हो म्हणाली. सदुसष्टाव्या वर्षीही ती रोज सकाळी रेडवेच्या पायवाटेवरून चार मैल चालते आणि वाटेत भेटणाऱ्या झाडून सगळ्या कुत्र्यांना नावानिशी ओळखते.

मला तिला एक गोष्ट सांगायची होती. तेहतीस वर्षं सांगितली नव्हती. ती पुण्याला गेल्यावर फोनवरही सांगता आली असती म्हणा, पण असलं काही सांगायला घेतलं की पलीकडचा माणूस नेमका तेव्हाच "आवाज तुटतोय गं" म्हणतो.

तेव्हा आम्ही स्कॉटलंडमध्येच, डंडीला राहायचो. बाबा तिथल्या हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर होते आणि फेब्रुवारीत शाळेच्या हाफ-टर्मच्या सुट्टीला ते हट्टाने आठवडाभर रजा काढायचे. बाकीची मराठी डॉक्टर मंडळी त्या आठवड्यात लंडनकडे, पिनरला नाहीतर ईलिंगला आपापल्या नातेवाइकांकडे पळायची. तिकडे मेथीची जुडी मिळते आणि बोलायला माणसं मिळतात, हे कारण. बाबांना मात्र डोंगर हवा असायचा. लहानपणी सिंहगडावर पळत चढणारा माणूस तो. डोंगर दिसला की त्यांचे पाय शिवशिवायचे, मग डोंगर पांढरा का असेना.

गाडीत पुढे ते दोघं आणि मागे मी आणि कुकर. हो, कुकर. "अगं, कॉटेजमध्ये भांडी असतात," बाबा दरवर्षी म्हणायचे. "त्यांची भांडी," आई म्हणायची आणि विषय तिथे संपायचा. कुकरच्या पोटात डाळ-तांदळाच्या पुड्या, पोळपाट-लाटणं टॉवेलात गुंडाळलेलं, आणि संक्रांतीच्या गूळपोळ्यांतल्या खास राखून ठेवलेल्या सात-आठ पोळ्या फॉइलमध्ये. पर्थ गेलं की डोंगर जवळ यायला लागत. मग आई खिडकीची काच हाताने पुसायची आणि पहिला बर्फ दिसला की दरवर्षी तेच म्हणायची, "आला गं बाई तुमचा पांढरा पाहुणा." हे ऐकलं की सुट्टी सुरू झाली असं मला वाटायचं.

बर्फाला वास नसतो असं लोक म्हणतात. असतो. नुकत्याच धुतलेल्या स्टीलच्या पातेल्यात नाक घातलं की येतो, तसा. पण एव्हिमोरचा वास म्हटलं की मला स्कीज भाड्याने देणारं ते दुकान आठवतं. ओले मोजे, मेण, गरम रबर आणि शेजारच्या दुकानातून येणारा चिप्सवरच्या व्हिनेगरचा वास, सगळं एकत्र. माझ्या अंगाला तिथेही खोबरेल तेलाचा वास यायचा. आई सकाळी उठल्या उठल्या बाटली रेडिएटरवर ठेवायची, कारण रात्रीत तेलाचा दगड झालेला असायचा. मग ते कोमट तेल केसांना, व्हॅसलीन गालांना, आणि पायात दोन मोज्यांच्या मध्ये पावाच्या पिशव्या. पावाच्या पिशव्या ही बाबांची कल्पना. पाय कोरडे राहायचे, पण चालताना चुर्र चुर्र आवाज यायचा. तो आवाज स्की-क्लासमधल्या कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून मी पाय न उचलता चालायचे.

लहान मुलांच्या उतारावर एक दोरी होती. तिला धरायचं आणि ती आपल्याला ओढत वर नेणार. पहिल्या वर्षी मी दोरी सोडायचीच विसरले आणि पार टोकाच्या कुंपणापर्यंत गेले. तिसऱ्या वर्षी मी त्या दोरीकडे बघतही नव्हते. मोठ्या मुलांबरोबर, तारेला लटकून वर ओढत नेणाऱ्या दांड्याला टेकून वरपर्यंत जायचे, आणि वर गेल्यावर खाली पाइनचं जंगल, त्याच्या मधोमध लॉख मॉर्लिक तळ्याचं गोठलेलं पाणी, कधी कधी लांबवर रेनडिअरची रांग. वर आवाज नसायचा. वारा पडला तर आपल्याच कानात आपलं रक्त ऐकू यायचं. मग पाय सोडायचे आणि घसरत सुटायचं, डोळ्यांत पाणी, तोंडात वारा.

मला ते इतकं का आवडायचं हे तेव्हा सांगता आलं नसतं. आता येतं. डंडीच्या शाळेत मी डॉक्टरांची मुलगी होते, वेगळ्या डब्याची मुलगी होते, जिचं नाव बाई हजेरी घेताना जरा थांबून घेतात ती मुलगी होते. इथे गॉगल लावला, टोपी कपाळावर ओढली, तोंडावर मफलर घेतला की मी कुणीच नव्हते. निळ्या जाकिटातली एक मुलगी, बरं स्की करणारी, बस्स. किर्स्टी नावाची गावातलीच एक मुलगी माझ्या क्लासमध्ये होती. तिने मला तीन वर्षांत एकदाही "तू मूळची कुठली?" असं विचारलं नाही. जगात एवढी एकच जागा माझी एकटीची होती, असं मला वाटायचं.

आणि आई? आई खाली कॅफेमध्ये, खिडकीपाशी.

पाचही वर्षं तिची तीच जागा. शेजारच्या खुर्चीवर आमच्या पिशव्या, टेबलावर थर्मास, डोक्यात तिच्या मावशीने विणलेली मरून माकडटोपी, अंगात बाबांचा जुना अनोरॅक आणि त्याखालून गुडघ्यापर्यंत लोंबणारा कुर्ता. दिवसभर ती तिथे बसून विणायची, आल्याचा चहा प्यायची आणि उताराकडे बघायची. बाबा दरवर्षी म्हणायचे, "अगं, एकदा तरी ये की." त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं.

"आणि पिशव्यांकडे कोण बघणार?"

वास्तविक त्या पिशव्यांना कुणी हात लावला नसता. आत काय, तर माझे ओले हातमोजे आणि गूळपोळ्या. पण आम्ही दोघं तेवढ्यावर समाधान मानायचो आणि पळायचो. ती खरंच पिशव्यांसाठी थांबते, हे मला पटलेलं होतं. पटवून घेणं सोयीचंही होतं.

पाचव्या वर्षी बाबांचा पाय मुरगळला. डोंगरावर नव्हे, कॉटेजच्या पायरीवर, दुधाची बाटली आणायला गेले असताना. सुट्टीचा शेवटचा दिवस उरला होता आणि त्यांनी त्या सकाळचा स्कीचा धडा आधीच ठरवून ठेवला होता. सोफ्यावर पाय वर ठेवून ते आईला म्हणाले, "माझ्या जागी तू जा."

आई भाजी चिरत होती. सुरी थांबली. "मी?"

"मग काय मी? पिशव्यांकडे मी बघतो."

मला वाटलं, ती हसून सोडून देईल. पण ती पदराला हात पुसावेत तसे कुर्त्याला पुसत म्हणाली, "जमेल मला?" तिचा चेहरा मला अजून दिसतो. चौतीस वर्षांची होती ती. आजच्या माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान.

सकाळी घाई नको म्हणून संध्याकाळीच मी आणि ती दोघींचे बूट घ्यायला दुकानात गेलो. आईला इंग्रजी उत्तम यायचं, पण त्या भागातलं बोलणं तिच्या कानावरून जायचं, म्हणून दुकानांत मीच दुभाषी. दुकानातल्या म्हाताऱ्याने तिच्या पायाच्या मापाचे बूट काढले, बकल लावून दाखवले आणि मग मला म्हणाला, की आईला सांग, रात्री हे घरात, उबेला ठेवायचे, बाहेर राहिले तर प्लॅस्टिक कडक होतं आणि सकाळी पाय आत जात नाही.

"काय म्हणाला गं तो?" आईने विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "उद्या वेळेवर या म्हणाला."

हे मी ठरवून केलं का? नाही. तोंडातून निघून गेलं. पण दुरुस्त करायला घरापर्यंतचा अख्खा रस्ता होता आणि मी केलं नाही. आई सवय व्हावी म्हणून ते बूट पायात घालूनच बर्फातून निघाली होती, एकेक पाऊल लांब लांब टाकत, मला धरून, स्वतःशीच हसत. मध्येच ताजा बर्फ वरून बुटांत गेला तर म्हणाली, "अगं बाई, हे तर आईस्क्रीमच्या कपात पाय घातल्यासारखं वाटतंय." एरवी मी पण हसले असते. मला फक्त उद्याचं चित्र दिसत होतं. लहान मुलांच्या उतारावर, दोरीला धरून माझी आई, माकडटोपीत, कुर्ता लोंबतोय, धप्पकन पडतेय, आणि सगळ्या डोंगराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडतेय, "ठमेऽऽ, बघितलंस का?" ठमी म्हणजे मी. शेजारी किर्स्टी.

घरी आल्यावर आईने बूट काढले. पादत्राणं घरात येत नाहीत, हा आमच्या घरातला नियम. ते दोन हजारांच्या स्लिपर असोत की भाड्याचे स्की-बूट, दाराशी सगळे सारखे. तिने तिचे आणि माझे पोर्चमध्ये भिंतीला लावून ओळीत ठेवले आणि आत वरण-भाताचा कुकर लावायला गेली. दरवर्षी माझे आणि बाबांचे बूट आम्ही सकाळी दुकानातून घेऊन संध्याकाळी परत द्यायचो, म्हणून हा प्रश्न कधी आलाच नव्हता. जेवण झाल्यावर मी पोर्चमध्ये गेले. माझे बूट उचलले, टॉवेलात गुंडाळले आणि माझ्या पलंगाखाली सरकवले. तिच्या बुटांकडे मी बघितलं. चांगलं बघितलं. आणि दार लावून घेतलं.

सकाळी खुंटीवरचा मफलरसुद्धा ताठ झाला होता. मी न्याहारी करून किर्स्टीच्या वडिलांच्या गाडीतून पुढे निघून गेले. पुढचं मी फक्त ऐकलंय, पण ते इतक्या वेळा ऐकलंय की पाहिल्यासारखं झालंय. आईचा पाय बुटात जाईना. आत गेलेल्या बर्फाचा खडा झालेला. बाबांनी लंगडत येऊन किटलीतलं गरम पाणी बुटात ओतलं, भूल देण्यात हात तयार असला तरी बुटांचा त्यांना अनुभव नव्हता, त्यामुळे आतलं अस्तर भिजून चिंब. मग ते हीटरवर. मग वास. अकरा वाजले. शिकवणारा बाकीच्यांना घेऊन केव्हाच वर गेलेला.

दुपारी मी खाली आले तर आई कॅफेत तिच्या खिडकीपाशी बसलेली. माकडटोपी, थर्मास, पिशव्या. बाबा समोर पाय लांब करून. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "काही नाही गं. बूट आखडले. माझीच चूक, बाहेर ठेवायचे नसतात म्हणे." आणि मला अर्धी गूळपोळी दिली. ती मी खाल्ली. तुपासकट.

त्या उन्हाळ्यात बाबांना मिल्टन कीन्सला नोकरी मिळाली. डोंगर संपले. मी सतरा वर्षांची होईपर्यंत शाळेच्या ट्रिपबरोबर स्की करत राहिले, आई परत कधी नाही.

पण बुटांची गोष्ट आमच्याबरोबर दक्षिणेला आली. गणपतीला चार घरं जमली, जेवणं झाली, की बाबा सुरू व्हायचे. "आमच्या हिने काय केलं माहितीये? स्की-बूट दाराबाहेर काढून ठेवले! देवळात ठेवतात तसे! हिला वाटलं, सकाळी पुजारीबुवा आत आणून ठेवतील!" हशा. मग किटलीचा किस्सा, पुन्हा हशा. बाबा वाईट नाहीत, त्यांना गोष्ट रंगवता येते एवढंच. आई चिवड्याची ताटली फिरवत असायची, तीही हसायची आणि म्हणायची, "हो बाई, आम्ही अडाणी." दरवर्षी. मी शाळेत होते तेव्हा, युनिव्हर्सिटीत होते तेव्हा, माझं लग्न झालं त्या आठवड्यातसुद्धा. आणि दरवर्षी मी मोदकात लक्ष घालून बसायचे. एक वाक्य बोलले असते तर ती गोष्ट तिथेच मेली असती. मला त्याची लाज वाटते. त्या रात्रीच्या दारापेक्षा या तीस गणपतींची जास्त वाटते.

यंदा बर्फ बेताचाच आहे. खालच्या उतारावर मशीनने केलेला बर्फ पसरतात, कडेने तपकिरी गवत दिसतं. दुकान आहे, पण आता तिथे कॉफी मिळते आणि कसलाच वास येत नाही. मी आम्हा दोघींसाठी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊचा धडा ठरवला होता. आईला गाडीतच सांगितलं. ती बाहेर बघतच म्हणाली, "या वयात हाड मोडलं तर विमानात पाय कुठे ठेवू?" पण नाही म्हणाली नाही.

बूट देणारी मुलगी विशीतली होती. तिने आईचे बकल लावले आणि हसून थेट आईलाच सांगितलं, की रात्री घरात ठेवा हं, पोर्चमध्ये नको, उद्या पहाटे उणे सात आहे. आईला शब्दन्‌शब्द कळला. इतक्या वर्षांनी या देशातलं कुठलंच बोलणं तिच्या कानावरून जात नाही. "माहितीये," ती म्हणाली. "मला चांगलंच माहितीये." माझे कान तापले.

संध्याकाळी ती थालीपीठं लावत होती. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि सांगून टाकलं. म्हातारा काय म्हणाला होता ते, मी काय सांगितलं ते, टॉवेल, पलंग, दार. किर्स्टीचंही सांगितलं. कारण म्हणून नाही, खरं होतं म्हणून.

आईने थालीपीठाच्या भोकात तेल सोडलं. झाकण ठेवलं. "तुझे बूट कुठे ठेवले होतेस म्हणालीस?"

"पलंगाखाली. टॉवेलात गुंडाळून."

"म्हणजे तो टॉवेल तू ओला केला होतास."

"हो."

"आणि मी बाबांना बोलले होते." तिने गॅस बारीक केला, हात धुतला आणि फोन लावला. "अहो, ऐकताय का? तो एव्हिमोरचा टॉवेल तुम्ही ओला केला नव्हतात. … कुठला म्हणजे? मोठा, निळा. … ते जाऊ दे. आणि ते बुटांचं गणपतीत सांगता ना, ते यापुढे सांगायचं नाही. … का ते आल्यावर सांगते. औषध घेतलंत?"

फोन ठेवून तिने थालीपीठ माझ्या ताटात वाढलं. "मीठ जरा जास्त झालंय का बघ."

"आई, मी काय सांगितलं तुला?"

"ऐकलं की. बहिरी नाहीये मी."

एवढंच. दही हवं का विचारलं, भांडी घासली, आवरून साडेनऊला झोपायला गेली. मला वाटलं होतं ती चिडेल, नाहीतर रडेल, नाहीतर जवळ घेईल. तिच्या "ऐकलं की" मध्ये मला काहीच सापडेना. तेहतीस वर्षं जे ओझं वागवलं ते तिने मिठाच्या डब्याशेजारी ठेवून दिलं होतं. मला खरं तर रागच आला तिचा. मी तिच्या नंतर लगेच झोपले आणि गाढ झोपले, याचंही सकाळी मला वाईट वाटलं.

सकाळी जिना उतरून खाली आले तर आई लाउंजमध्ये उभी. जाकीट, गॉगल कपाळावर, केसांना तेल. डोक्यात मरून माकडटोपी. ती तिने कुठून काढली देव जाणे, पॅकिंगच्या कुठल्या खोक्यातून. आणि पायात स्की-बूट. घरात. कार्पेटवर. ज्या बाईने एका मंत्रिमहोदयांच्या मेहुण्याला दारात बूट काढायला लावले होते, ती बाई बूट घालून कार्पेटवर येरझारा घालत होती, खट्‌ खट्‌. रेडिएटरसमोर वर्तमानपत्राचा एक कागद अंथरलेला होता. एकाच जोडाच्या मापाचा.

"माझे कुठेत?" मी विचारलं.

"पोर्चमध्ये," आई म्हणाली. "पादत्राणं घरात आणत नाहीत आपल्यात."

मी दार उघडलं. भिंतीला लावून, टोकं सरळ, माझे बूट नीट ओळीत ठेवलेले होते. त्यांच्यावर पिठीसाखरेसारखं दव गोठलं होतं. मी एक उचलून पाय घालून बघितला. पंजासुद्धा आत जाईना.

मागे वळले तर आई माझ्याकडे बघत होती. हसत नव्हती. म्हणाली, "मी त्या दिवशी पहाटे पाचला उठले होते. स्वप्नात घसरतच होते सारखी. एवढी आनंदात होते मी." मग गॉगल नीट केला. "चल आता, उशीर होतोय."

गाडीत मी बूट मागे टाकले. पायाशी घेऊन हीटरपुढे धरले असते तर पोचेपर्यंत सैल झाले असते. मी धरले नाहीत आणि तिनेही सुचवलं नाही. डोंगरावरच्या फाटकापाशी थांबलो तेव्हा तिने शांतपणे थर्मास माझ्या मांडीवर ठेवला.

कॅफे मोठं केलंय, खुर्च्या बदलल्यात, पण खिडकी तीच आहे. मी तिथे बसले. शेजारच्या खुर्चीवर पिशव्या. इथून सगळं दिसतं हे मला माहीत नव्हतं. लहान मुलांचा उतार, दोरीच्या जागी आलेला सरकता पट्टा, वरच्या वाटेचं पहिलं वळण, सगळं. म्हणजे ती पाचही वर्षं मला बघत होती, मी वर जाताना, पडताना, किर्स्टीबरोबर हसताना. मी कुणीच नसताना.

सहा वर्षांच्या मुलांच्या रांगेत आई उभी होती. पट्ट्यावरून वर गेली. शिकवणाऱ्या मुलाने दोन्ही हात पुढे धरले होते, तिने ते धरले नाहीत. सुटली. चार फूट, दहा फूट, पाय फाकत गेले, आणि धप्प. बंद काचेतून "अगं बाई गं!" ऐकू आलं. माझ्या आजूबाजूच्या दोन-तीन टेबलांवरच्या माना वळल्या. ती उठली, बर्फ झटकला, पुन्हा पट्ट्यापाशी गेली. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा मात्र ती खालपर्यंत आली, वाकडी, सावकाश, तोंड उघडं, आणि थांबता न आल्यामुळे जाळीला जाऊन टेकली. मग वळून तिने खिडकीकडे बघून, काठी उंचावून, अख्ख्या डोंगराला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"ठमेऽऽ! बघितलंस का?"

मी उभी राहिले. दोन्ही हात वर केले. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात रिकामा नव्हता.

शेजारच्या टेबलावरच्या बाईने विचारलं, तुमच्या कुणी आहेत का त्या?

"माझी आई," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले.

मग जा की बाहेर, ती म्हणाली, फोटो तरी काढा. पिशव्यांकडे मी बघते.

"नको," मी म्हणाले आणि खाली बसले. "पिशव्यांकडे बघायची पाळी माझी आहे."